दुरांताला फुलं नाहीत, पिवळी फळं नाहीत: आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

दिवाळीच्या आगेमागे मला ठरावीक फोटो येतात. सोसायटीच्या कंपाउंडला लागून दुरांताची रांग, पानांनी गच्च, वरून सपाट कापलेली, आणि खाली प्रश्न, की नर्सरीतून आणलं तेव्हा निळ्या फुलांचे घोस होते, पिवळ्या मण्यांचे झुबके लोंबत होते, आमच्याकडे आल्यापासून एक फूल नाही, तर कुठलं खत घालू? पुण्यात आणि आसपास सोसायट्यांच्या बागा बघायचं काम मी बरीच वर्षं करते, आणि हा एकच बिघाड इतक्या ठिकाणी निस्तरलाय की फोटो बघून साधारण अंदाज येतो. बहुतेक वेळा खताचा काही संबंध नसतो, कात्रीचा असतो. पण नेहमीच कात्री नसते, म्हणून सगळं क्रमाने लिहिते. आधी फुकटात बघता येईल ते, मग शे-दोनशे रुपयांचं, आणि खोदाखोदी सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका, कारण उलटीकडून सुरुवात केली की लोक हजारभराची औषधं मारून बसतात आणि मूळ कारण तिथेच राहतं.

लक्षणं आधी नीट बघा

झाडाजवळ जाऊन, पानं हातात घेऊन बघा. लांबून सगळं सारखंच दिसतं.

झाड तजेलदार, पानं भरपूर, पण फूलच नाही. ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. याला बहुतेक कात्री, सावली नाहीतर नत्र कारण असतं.

फुलं येतात पण फळ धरत नाही, घोस सुकून गळून जातो.

नवी, शेंड्याकडची पानं पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. ही गोष्ट मातीची.

जुनी, खालची पानं पिवळी होऊन गळतात. हे बहुतेक पाण्याचं, कधी नुसतंच वय.

पानं चिकट लागतात, त्यावर काळी काजळी, खोडावर मुंग्यांची ये-जा. कीड.

आणि रांगेतलं एखादंच झुडूप किंवा एकच फांदी वाळत जाते, बाकी ठीक. इथे मुळं, खोड किंवा अमरवेल.

दोन लक्षणं एकत्र असतील तर जे आधी सुरू झालं ते धरा. फूल नाही म्हणून खत घातलं, खताने कोवळी पानं आली, कोवळ्या पानांवर पांढरी माशी आली, ही साखळी मी फार ठिकाणी बघते, आणि लोक मला फक्त माशीचा फोटो पाठवतात.

आधी जात कुठली ते बघा

याला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात. तुमच्याकडे जे आहे ते पिवळ्या-सोनेरी पानांचं बुटकं दुरांता असेल, नर्सरीवाले ज्याला नुसतं गोल्डन म्हणतात, तर ते पानांसाठीच लावतात आणि त्याला फूल क्वचित येतं, कापत राहिलात तर येतच नाही. त्याची पानं पिवळी आहेत म्हणून घाबरून लोह-बिह देऊ नका, तो त्याचा रंगच आहे. उलट सावलीत ते हिरवं पडतं. कधी कधी याच झाडातून एखादी जोमदार हिरवीगार फांदी निघते, ती ठेवली तर हळूहळू सगळं झाड तीच खाऊन टाकते, सोनेरी रंग हवा असेल तर ती जिथून फुटलीय तिथूनच कापून काढा.

फळं हवी असतील तर हिरव्या पानांचं, फिकट निळ्या फुलांचं साधं दुरांता घ्या, नाहीतर गडद जांभळ्या पाकळ्यांना पांढरी किनार असलेलं. पांढऱ्या फुलांचंही मिळतं. घेताना फुलावर असलेलं किंवा फळं लागलेलं रोप घ्या, आणि शक्यतो कटिंगचं घ्या. बियांचं रोप फुलायला जास्त वेळ घेतं आणि कसं निघेल ते सांगता येत नाही, काहींना पानांच्या बगलेत चांगले टोकदार काटे येतात. फळं लाल असतील तर तुमच्याकडे दुरांता नाही, बहुधा कुंती आहे, तिचं गणित वेगळं.

आता कात्री

इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण दुरुस्त्यांमधल्या निम्म्याहून जास्त इथेच संपतात.

दुरांताचं फूल नव्या फुटव्यावर येतं. फुटवा वाढतो, लांब होतो, थोडा झुकतो, आणि मग त्याच्या शेंड्यातून आणि शेंड्याजवळच्या पानांच्या बगलांतून घोस निघतात. आता तुमच्या सोसायटीत माळीकाका दर पंधरा दिवसांनी मशीन घेऊन येतात आणि कुंपण वरून-बाजूने सपाट करून जातात. म्हणजे ज्या टोकाला कळी येणार होती ते टोक दर पंधरा दिवसांनी कचऱ्यात जातं. झाड बिचारं परत फुटतं, परत कापलं जातं. वर्षानुवर्षं हेच चाललेलं असतं आणि माळीकाकांचं काही चुकत नाही, त्यांना कुंपण सरळ दिसलं पाहिजे एवढंच सांगितलेलं असतं.

तपासायचं कसं, तर झुडपाचा वरचा पदर हाताने बाजूला करा. एक फांदी धरून टोकापासून खाली बघत या. टोक सपाट कापलेलं, त्याच्या खाली दोन फुटवे, त्याही आधी कापलेल्या काडीला परत दोन फुटवे, अशी काटक्यांची जाळी दिसेल, आणि वीतभर आत गेलात की पान नाही, नुसत्या वाळलेल्या तपकिरी काड्या. असं दिसलं तर बाकी काही तपासायच्या आधी कात्री बंद करा.

बंद म्हणजे किती? माझ्या बघण्यात नव्या फुटव्याला निदान दीड-दोन महिने कोणी हात लावला नाही तर घोस दिसायला लागतात, ऊन चांगलं असेल तर. आपल्याकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला जी फूट येते ती सगळ्यात मोलाची, तिच्यावरच पुढे फुलं येतात आणि थंडीत पिवळी फळं लटकतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये कापलं की त्या वर्षीचा हंगाम बहुतेक गेला समजा. फेब्रुवारीअखेर, फळं संपत आली की छाटणी करायची, फार तर जूनच्या पहिल्या पावसाच्या आत, आणि मग फळं पिवळी होईपर्यंत हात लावायचा नाही.

आणि छाटणी मशीनने नाही. सिकेटर घ्या, हातमोजे घाला, आणि सगळ्यात जुन्या, जाड, सालीला भेगा पडलेल्या फांद्या बुंध्यापासून काढा, एका वर्षात एक तृतीयांशपेक्षा जास्त नको. मग आत ऊन शिरतं, वारा खेळतो आणि खालून सरळ दमदार फुटवे येतात. वाळक्या काड्यांच्या जाळीला वरवर कापून काही होत नाही, आत उजेड गेल्याशिवाय तिथून फूट येणार नाही.

सोसायटीत अडचण येते ती माणसांची. मोकळं सोडलेलं दुरांता झुकतं, फांद्या रस्त्यावर येतात, कमिटीतलं कोणीतरी म्हणणारच की बाग अस्ताव्यस्त दिसते. तिथे मी असं करते, की चालायच्या रस्त्याकडची रांग कुंपण म्हणून कापलेलीच राहू दे, आणि कोपऱ्यातली, भिंतीकडची चार-पाच झुडपं मोकळी सोडा. त्यांच्या बुंध्याला लाल नाडी बांधा आणि माळीकाकांना समोर उभं राहून सांगा की काका, ही नाडीवाली अजिबात कापायची नाहीत. नुसतं निरोपावर सोडू नका, बदली माणूस येतो आणि सगळं सपाट करून जातो. मोकळं सोडलेलं झुडूप दोन-अडीच मीटर सहज जातं, त्याहून उंचही होतं, तेवढी जागा आहे का ते आधी बघा.

ऊन मोजा, अंदाजाने सांगू नका

दुरांता मूळचं मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेकडचं, उघड्यावर उन्हात वाढणारं. फुलायला त्याला दिवसाचं सहा तास तरी थेट ऊन लागतं. आमच्याकडे भरपूर ऊन आहे असं सगळेच सांगतात. एका रविवारी सकाळी आठपासून दर दोन तासांनी झुडपाचा मोबाईलवर फोटो काढा, संध्याकाळी सहापर्यंत. फोटोत पानांवर ऊन किती वेळा दिसतं ते मोजा. तीन-चार तासांच्या उन्हावर पानं येतील, एखादा घोस येईल, झुबके येणार नाहीत.

यात एक गोष्ट सुटते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि इमारतींच्या सावल्या लांब पडतात, त्यामुळे इमारतीच्या उत्तरेला लावलेल्या झाडाला मे महिन्यात ऊन आणि ऑक्टोबरपासून सावली असा प्रकार होतो. उन्हाळ्यात मोजून खात्री करून घेतली असेल तर परत मोजा. शेजारी नवीन टॉवर उभा राहिला असेल तरी परत मोजा.

कुंडी असेल तर हलवा, जमिनीतलं लहान असेल तर जूनमध्ये मातीच्या गोळ्यासकट हलवता येतं. डोक्यावर मोठ्या झाडाची फांदी असेल तर ती आपली आपण तोडू नका, शहरात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते, अर्ज करा. आणि जागाच सावलीची असेल तर दुरांताचा हट्ट सोडा आणि कुंती लावा, ती अर्ध्या सावलीत बरी चालते, पांढरी सुवासिक फुलं आणि मागून लाल फळंही देते.

खत: घालण्यापेक्षा थांबवायचं

पानं मोठी, गडद हिरवी, लुसलुशीत, दोन पानांमधलं अंतर लांब, झाड नुसतं उंच पळतंय आणि फूल नाही, तर नत्र जास्त झालंय. तुम्ही म्हणाल आम्ही काहीच घालत नाही. लॉनला काय घालता? कुंपणाला लागून हिरवळ असेल आणि तिला युरिया पडत असेल तर तो दुरांताच्या मुळांनाच मिळतो. हे मी पहिल्यांदा विचारते आणि बहुतेक उत्तर हो असतं. कुंपणापासून दोन-तीन फुटांचा पट्टा युरियाशिवाय ठेवा.

दोन महिने सगळं खत बंद. मग जूनमध्ये दर झुडपाला एक घमेलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, जमिनीतल्या झाडाला वर्षभर एवढं पुरतं. कुंडीतल्याला कळ्यांच्या आधी शून्य-शून्य-पन्नासची (म्हणजे नुसत्या पोटॅशच्या विद्राव्य खताची) एखादी फवारणी चालते, लिटरला ३ ग्रॅम, संध्याकाळी, यापेक्षा जास्त नको. चुलीची राख पोटॅश म्हणून घालायची सवय बऱ्याच जणांना आहे. पण राखेने माती आणखी अल्कधर्मी होते, आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ती आधीच तशी असते, पुढे लिहिलंय, ते वाचून मगच ठरवा.

पाणी

सकाळी सात वाजता बघायचं. दुपारी दोनला पानं माना टाकतात, ते उन्हाने, संध्याकाळपर्यंत सावरतात, त्याची काळजी नको. सकाळी सातला सुद्धा मलूल असतील तर मुळांना पाणी मिळत नाहीये. मग बोट मातीत दोन पेरं घाला. कोरडी लागली तर पाणी कमी, भरपूर द्या. ओली आणि पानं तरी मलूल, तर पाणी बंद करा, कारण मुळं गुदमरलीत किंवा कुजतायत आणि इथे लोक हमखास उलट करतात, मलूल दिसलं की अजून पाणी.

ठिबक असेल तर प्रत्येक ड्रिपर बघा, बोअरच्या पाण्याचे क्षार बसून तो बंद पडतो आणि रांगेतलं नेमकं एक झाड सुकतं. पार्किंगच्या स्लॅबवर केलेल्या बागेत मातीचा थर जेमतेम दीड फूट असतो आणि खालची निचऱ्याची जाळी मुळांनी किंवा गाळाने चोक होते, तिथे पाऊस संपल्यावर आठवडाभरही माती चिखलासारखी राहत असेल तर झाडाला दोष देण्यात अर्थ नाही, ड्रेन साफ करून घ्या.

फुलं येतात पण फळ नाही

घोस जवळून बघा. पाकळ्या गळून गेल्या तरी खालची हिरवी पुष्पकोशाची वाटी तशीच राहते. ती हलकेच दाबा. आत टणक हिरवा मणी लागला तर फळ धरलंय, थांबा, तो फुगेल, वाटी त्याला सगळीकडून झाकून घेईल, टोकाशी चोचीसारखं निमुळतं होईल, आणि मग पिवळं पडत साधारण सेंटीमीटरभराचं फळ होईल. बोट लावताच वाटी निखळून हातात आली तर फळ धरलेलं नाही.

का नाही धरलं? पहिलं परत माणूसच. फुलं सुकली की घोस खुडून टाकायची सवय, झाड स्वच्छ दिसावं म्हणून. गुलाबाला ते ठीक आहे, इथे सुकलेल्या घोसातच फळ असतं. दुसरं, फवारणी. सोसायटीत डासांची किंवा किडीची औषधं फुलांवर बसली की मधमाश्या आणि फुलपाखरं येत नाहीत, मरतात सुद्धा, आणि त्यांच्याशिवाय फळ कुठून येणार. फुललेल्या झाडापाशी सकाळी दहा मिनिटं उभं राहा, दुरांतावर फुलपाखरांची गर्दी असते, एकही आलं नाही तर तिकडे शोधा. तिसरं, जुलैतल्या धो-धो पावसात घोस भिजून गळतात, त्याला उपाय नाही, सप्टेंबरची फुलं बघा. आणि फळं धरली, पिवळी झाली, मग गायब झाली, तर ती बुलबुलांनी खाल्ली, त्यात बिघाड काहीच नाही.

फळं आणायच्या आधी हे वाचा. दुरांताची फळं आणि पानं माणसाला, कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत. त्यात सॅपोनिन असतात. पक्षी खातात आणि त्यांना काही होत नाही, म्हणून मुलांना वाटतं खाण्यासारखी आहेत, दिसतातही गोळ्यांसारखी. पाळणाघर, सॅन्डपिट, घसरगुंडी यांच्या शेजारी फळवालं दुरांता ठेवूच नका, तिथे कापलेलं कुंपणच बरं, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. मुलाने खाल्लं तर उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, तोंडातली उरलेली फळं काढा, फांदीचा तुकडा सोबत घेऊन लगेच डॉक्टरकडे जा, किंवा १०८ ला फोन करा. पोटात दुखतंय का, गुंगी येते का याची वाट बघायची नाही.

चिकट पानं, काजळी, मुंग्या

फांदी हलवा. पांढरी धूळ उडून परत पानांखाली बसली तर पांढरी माशी. बगलांत कापसासारखं असेल तर मिलीबग. खोडावर नखाने निघणारे तपकिरी खवले असतील तर खवले कीड. काजळी म्हणजे यांनी टाकलेल्या चिकट पाण्यावर वाढलेली बुरशी, ती धुऊन काढून उपयोग नाही, वरचा चिकटा थांबवला की ती आपोआप सुकून जाते. मुंग्या त्या चिकट्यासाठी येतात आणि किडीचं राखण करतात, म्हणून त्यांची वाट तोडायची.

सुरुवात पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने करा, पानांच्या खालून, आठवड्यातून दोनदा. पांढऱ्या माशीचं अर्धं काम यातच होतं. मग कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, त्यात थोडा सौम्य साबण नीट फेटून, संध्याकाळी, परत पानांखालून, आठ-दहा दिवसांनी दुसरा हात. फुललेल्या घोसांवर मारू नका. मिलीबग थोडा असेल तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा, जास्त पसरला असेल तर ती फांदी कापून पिशवीत बांधून टाका. आणि मघाशी म्हटलं तसं, मूळ कारण खत असेल तर ते बंद केल्याशिवाय हे सगळं दर महिन्याला करत बसावं लागेल.

अमरवेल वेगळी सांगते, कारण आपल्याकडे दुरांताच्या कुंपणावर ती फार दिसते आणि लोक तिला शोभेची वेल समजून ठेवतात. पिवळसर, पानं नसलेल्या, शेवयांसारख्या तारा झुडपावर पसरतात. तिला जमिनीत मूळ राहत नाही, दुरांताच्या सालीत घुसून रस शोषते. ओढून काढली की तुकडे राहतात आणि एका तुकड्यातून परत वाढते. म्हणून ज्या फांद्यांना विळखा आहे त्या फांद्याच, विळख्याच्या वीतभर खालून, वेलीसकट कापायच्या, खाली ताडपत्री अंथरून. फुलं येण्याआधी हे झालं पाहिजे, नाहीतर बी पडतं आणि वर्षानुवर्षं उगवत राहतं. कंपोस्टमध्ये टाकू नका. तसं दुरांताची छाटणीही ओढ्यात किंवा टेकडीवर टाकू नये, पक्षी बिया पसरवतात, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडकडे हे झाड असंच बागेतून सुटून रानात तण झालंय.

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या

ऊस लावणारे याला केवडा पडला म्हणतात. लोह कमी पडतंय, पण बहुतेक वेळा मातीत लोह असतं, झाडाला घेता येत नाही, कारण माती चुनखडीची. आणि नव्या सोसायट्यांत तर चुना आपणच आणून ठेवलेला असतो. कंपाउंडची भिंत बांधताना उरलेला राडारोडा, सिमेंटचा माल, प्लास्टरचे तुकडे तिथेच पुरतात, वर सहा इंच लाल माती टाकतात, आणि त्यात दुरांताची रांग. पहिलं वर्ष छान जातं, मुळं खाली पोचली की पिवळेपणा सुरू.

तपासणी अगदी स्वस्तातली आहे. चार ठिकाणची वीतभर खोलवरची माती घ्या, कोरडी करा, चमचाभर बशीत घेऊन वर पांढरं व्हिनेगर ओता आणि कान जवळ न्या. फसफस आवाज आला, बुडबुडे उठले, तर चुना आहे. जितकी जोरात फसफस तितका जास्त. बोअरचं पाणी कठीण असेल, कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढत असतील, तरी हेच होतं. सांडपाणी शुद्ध करून बागेला देतात तिथे क्षार वाढतात, तेही लक्षात ठेवा.

तात्पुरता उपाय म्हणून चिलेटेड लोहाची (म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेल्या लोहाची) फवारणी, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा, नवी पानं हिरवी यायला लागतात. जमिनीतून द्यायचं असेल तर दुकानदाराला ईडीडीएचए प्रकारचं मागा, महाग पडतं, पण साधं ईडीटीए चुनखडीच्या मातीत टिकत नाही, पैसे वाया जातात. सोबत कंपोस्ट, पालापाचोळ्याचं आच्छादन, आणि शक्य असेल तेव्हा पावसाचं पाणी. लिंबाचा रस, ताक असलं काही ओतत बसू नका, चुनखडीच्या मातीपुढे त्याचं काही चालत नाही.

फवारणीने पानं हिरवी झाली आणि परत पिवळी पडली तर माती परीक्षण करून घ्या. कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत होतं. चार-पाच ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून अर्धा किलो न्या, खत घातल्याबरोबर घेतलेली नको. अहवालात सामू (म्हणजे पीएच), विद्युत वाहकता (म्हणजे क्षार किती) आणि मुक्त चुना हे तीन आकडे बघा, बाकीच्यांची घाई नाही.

मुळं, सगळ्यात शेवटी

इथपर्यंत काहीच सापडलं नाही आणि झाड खंगतच चाललंय तर खोदायचं. आधी नखाने खालच्या फांदीची साल खरवडा, आत हिरवं ओलं दिसलं तर जीव आहे, तपकिरी कोरडं असेल तर अजून खाली, बुंध्यापर्यंत खरवडत या. मग बुंध्यापासून फूटभर लांब एक छोटा खड्डा करून काही बारीक मुळं काढा. पांढरी-पिवळसर टणक, ठीक. काळी, वास येणारी, साल सुटून हातात येणारी, कूज. मण्यांसारख्या गाठी गाठी, तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्याला न दिसणारे जंत, रेताड मातीत जास्त.

कूज असेल तर पाणी थांबवा, निचरा करा, कंपोस्टमध्ये ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून द्या, सडकी मुळं काढलीत तेवढाच वरचा भारही कमी करा. गाठी असतील तर निंबोळी पेंड आणि आजूबाजूला झेंडू, पण जास्त गाठींचं झाड वाचवण्यापेक्षा काढून टाकणं बरं, आणि त्या जागेची माती दुसरीकडे नेऊ नका. कुंडीतलं असेल तर बाहेर काढून बघा, मुळांचा कुंडीच्या आकाराचा घट्ट गोळा झाला असेल तर बाहेरची गुंडाळलेली मुळं कापून एक आकार मोठ्या कुंडीत लावा, फुलं न येण्याचं कारण कुंडीत बऱ्याचदा हेच असतं.

कुठे थांबायचं

रांगेतली झुडपं एकामागोमाग एक, शेजारची शेजारची वाळत चालली असतील तर स्वतः काही ओतू नका. तो मुळांचा रोग पसरतोय, किंवा जमिनीखाली पाइप फुटलाय, किंवा कोणीतरी रंगाचं, टाइल धुवायच्या ॲसिडचं पाणी तिथे सोडतंय. रोगाच्या नमुन्यासाठी कृषी महाविद्यालयातल्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे, पाइपसाठी प्लंबरकडे.

बुंध्यापाशी बुरशीच्या छत्र्या, खोडातून भुसा किंवा चिकट रस येत असेल, तेव्हाही थांबा. खोडात शिरलेल्या अळीवर घरगुती इलाज करता करता झाड जातं.

झुडूप वाढून विजेच्या तारेला लागलं असेल तर काठीला कात्री बांधून प्रयत्न करू नका, महावितरणला कळवा. दोन मीटरच्या वर शिडी लावून छाटायचं असेल तर माणूस बोलवा.

कडुनिंबाच्या पुढचं, दुकानातलं आंतरप्रवाही (झाडाच्या रसातून सगळीकडे पसरणारं) कीटकनाशक वापरायची वेळ आली तर ते परवाना असलेल्या माणसाकडून, मुलं आणि पाळीव प्राणी दूर ठेवून, आणि झाड फुलावर असताना अजिबात नको.

ज्याला बोलवाल त्याला झाडापाशी नेण्याआधी चार गोष्टी तयार ठेवा: पूर्ण झुडपाचा फोटो, नव्या आणि जुन्या पानाचा जवळून फोटो, गेल्या सहा महिन्यांत काय-काय घातलं-फवारलं त्याची यादी, आणि शेवटची छाटणी कधी झाली ती तारीख. तारीख आठवत नसेल तर माळीकाकांना विचारा, त्यांना बरोबर माहीत असते.